बाबांनी सोडलेला पेरू

बाबांच्या अस्थी घेऊन भाऊ काशीला गेला होता. तिथून त्याचा फोन आला. मागे घंटा वाजत होत्या, होड्यांची फटफट चालू होती, कुणीतरी कुणाला तरी लांबून हाक मारत होतं.

"गुरुजी विचारतायत, काय सोडणार? माझं मी सांगितलंय. तुझ्या नावाने काय सांगू?"

गेलेल्या माणसासाठी काशीला एखादं आवडतं फळ किंवा भाजी सोडायची, मग ती जन्मात खायची नाही, असा आपला रिवाज. मला तो माहीत होता, पण तो माझ्यापर्यंत येईल हे लक्षातच आलं नव्हतं.

"जरा थांब."

"थांब काय? मागे रांग आहे इथे."

"थोड्या वेळाने कर परत."

फोन ठेवून मी स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभी राहिले. इथे जर्मनीत, येना गावाभोवतीच्या डोंगरांवर सकाळचं धुकं अजून रेंगाळत होतं. झाडं हिरवीच होती, फक्त कडेची काही पिवळी पडू लागली होती. भाऊ रांगेत होता तेवढ्या वेळात मला जे आठवलं, ते लिहायला मात्र फार दिवस लागले.

आई गेली तेव्हा बाबाही असेच काशीला गेले होते. या बाबतीत माणसं हुशार असतात. माझ्या काकांनी कारलं सोडलं होतं, जे त्यांनी आयुष्यात कधी तोंडाला लावलं नव्हतं. बाबांनी पेरू सोडला.

पेरू म्हणजे त्या दोघांची संध्याकाळ होती. पुण्याच्या घरी गॅलरीत दोन खुर्च्या असत. आई पेरूच्या फोडी करून त्यांना तिखट-मीठ लावायची आणि बशी मधल्या स्टुलावर ठेवायची. बाबा पहिली फोड तोंडात टाकून म्हणायचे, "मीठ कमी आहे." आई म्हणायची, "जिभेला हाड आहे का काही?" आणि आणखी मीठ भुरभुरवायची. हे रोज चालायचं. मीठ खरंच कमी असायचं की काय, देव जाणे.

बाबांनी सोडला फक्त पेरू, पण बाकीची चव आपणहून निघून गेली. पानात पडेल ते बाबा संपवायचे. भाऊ फोनवर म्हणाला, "काल आमटीत मीठ घालायला विसरलो. बाबांनी दोन वाट्या प्यायल्या आणि छान झाली म्हणाले. मला भीती वाटते गं." म्हणून त्याने त्यांना उन्हाळ्यात माझ्याकडे पाठवलं.

विमानतळावर बाबा दिसले तेव्हा शर्टाची कॉलर त्यांच्या गळ्याभोवती सैल उभी होती. तेव्हाच मी मनाशी ठरवलं, परत जाण्याआधी बाबांनी माझ्या एका तरी पदार्थाला नाव ठेवलं पाहिजे.

मी खूप खटपट केली. क्वार्क, म्हणजे इथलं चक्क्यासारखं दही, टांगून त्याचं श्रीखंड केलं. "छान." पिठलं केलं, मुद्दाम थोडं लागू दिलं. "छान." माझा नवरा भिंगांच्या कारखान्यात इंजिनिअर. मोजमाप हा त्याचा धर्म. तो एकदा जेवताना म्हणाला, "बाबा, आज भाजी जरा खारट झाली आहे ना?" बाबा त्याच्याकडे सौम्यपणे बघून म्हणाले, "नाही हो जावईबापू, छान आहे." नवऱ्याने माझ्याकडे बघून हळूच खांदे उडवले.

बाकी तो उन्हाळा सुंदर होता. संध्याकाळी आम्ही गावातल्या नदीच्या काठाने चालत जायचो. बाबा, मी आणि माझी सहा वर्षांची मुलगी. मुलीला मराठी सगळं कळायचं, पण उत्तर जर्मनमधून यायचं. बाबांना त्याचं काही वाटत नसे. ती एक सांगायची, ते दुसरंच समजायचे, आणि दोघं समाधानाने पुढे चालायची. ऊन नऊ वाजेपर्यंत असायचं. मग ते हळूहळू लवकर जाऊ लागलं. कपाटातून जाड पांघरुणं निघाली. मुलगी खिसे भरभरून रानटी चेस्टनट आणू लागली. ती जमिनीवर ओळीने मांडून ठेवायची आणि बाबा त्यांवरून पाय सांभाळत चालायचे. हवेत कोळ्यांचे सुटे धागे तरंगायचे, उन्हात क्षणभर दिसून नाहीसे व्हायचे. आमच्या खालच्या मजल्यावर एक जर्मन आजी एकट्या राहायच्या. त्या म्हणाल्या, या दिवसांना इथे म्हाताऱ्या बायकांचा उन्हाळा म्हणतात. मी बाबांना सांगितलं. "आणि म्हाताऱ्या बाप्यांचा?" बाबांनी विचारलं. पण हसले नाहीत.

त्यांच्या परतीला थोडे दिवस राहिले होते. दुपारी बाबा बाल्कनीत गुडघ्यांवर शाल घेऊन डुलकी काढत होते. मुलगी खालून टोपली घेऊन आली. आजींनी आपल्या बागेतली पिवळीधमक फळं दिली होती, अंगावर राखाडी लव असलेली, बेढब. टोपली टेबलावर ठेवली आणि हळूहळू सगळ्या घरात वास भरला.

"पेरू कुणी आणला?" बाबांचे डोळे मिटलेलेच होते.

"नाइन, आजोबा. क्विटे!"

बाबा उठून आत आले. टेबलापासून जरा लांबच उभे राहिले. कुणाच्या घरी बोलावणं नसताना गेल्यासारखे.

"बाबा, हा पेरू नाही. इथलं क्विटे नावाचं वेगळंच फळ आहे."

"मला शिकवू नकोस. पन्नास वर्षं खाल्लाय मी."

"खरंच नाही."

"तुझी आई लहानपणी तुला दुधी द्यायची, कोहळा म्हणून. तिचीच मुलगी तू. मी सोडलाय तो. मला फसवून काय मिळणार आहे तुला?"

त्यांचा आवाज चढला होता. आल्यापासून पहिल्यांदाच. मला वाईट वाटायला हवं होतं, पण मी मुलीला म्हटलं, "जा, आजींना वर बोलाव."

आजी एप्रनला हात पुसत आल्या. मी त्यांना सगळं सांगितलं, काशी, आई, पेरू. त्या गंभीरपणे ऐकत राहिल्या. त्यांचे यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. मग "आल्झो," म्हणजे चला तर, असं म्हणून त्यांनी माझ्या सुऱ्यांमधली सगळ्यात मोठी सुरी उचलली. फळ लाकडासारखं टणक. त्यांनी दोन्ही हातांनी जोर लावून ते कापलं आणि अर्धं फळ बाबांसमोर धरलं.

बाबांनी चष्मा लावला. मधल्या कप्प्यांत काळसर तपकिरी बिया होत्या, सफरचंदासारख्या. त्यांनी एक बी नखाने काढली, बोटांत फिरवली.

"पेरूला असली बी नसते," ते म्हणाले.

"तेच तर सांगतेय."

"बाई, तुमचं बरोबर आहे," बाबा आजींना मराठीत म्हणाले. आजी त्यांच्या भाषेत म्हणाल्या, "गेनाऊ," म्हणजे अगदी बरोबर. आणि मग कुणाला काही कळायच्या आत बाबांनी सुरीने एक फोड कापून तोंडात टाकली.

आजी ओरडल्या, "कच्चं नाही खायचं!" पण उशीर झाला होता. तुरट रसाने बाबांचं सगळं तोंड गोळा झालं. डोळे मिटले, भुवया वर गेल्या, चष्मा नाकावर घसरला. मुलगी हसून हसून जमिनीवर बसली. बाबांनी कशीबशी फोड गिळली.

"भयंकर आहे," ते म्हणाले.

मी ओट्याकडे वळले. माझे डोळे भरून आले होते आणि ते मला कुणाला समजावून सांगायचं नव्हतं.

संध्याकाळी आम्ही मुरांबा घातला. आजींनी सांगितलं, मंद आचेवर खूप वेळ ठेव, घाई करू नकोस. बाबा ओट्याशी खुर्ची घेऊन बसले आणि लाकडी डाव त्यांनी आपल्याकडे घेतला. "वेलदोडा आत्ता नको, शेवटी. तुझी आई शेवटी घालायची." बाहेर अंधारून येत होतं. काचेवर वाफ धरली होती आणि मुलगी तिच्यावर बोटाने मांजर काढत होती. पांढऱ्या फोडी पाकात हळूहळू रंग बदलू लागल्या. आधी पिवळट, मग केशरी, मग आतून गुलाबी. बाबा ढवळायचे थांबले. आतून गुलाबी असलेले पेरू आई निवडून आणायची, ते आम्हा दोघांनाही आठवलं असणार.

मी बशीत एक फोड काढून दिली. बाबांनी फुंकर मारून ती खाल्ली. बराच वेळ चघळत राहिले.

"काहीतरी कमी आहे," ते म्हणाले.

"काय?"

"तिखट-मीठ आण जरा."

"मुरांब्यावर?"

"आण तर."

मी बाटल्या आणल्या. मीठ जास्तच पडलं. बाबांनी ती फोड खाल्ली, मग दुसरी. मुलीने तोंड वाकडं केलं.

"हा पेरू नाही ना, नक्की?"

"नक्की."

"मग अजून एक वाढ. आणि ऐक. मी जाईन तेव्हा आवडीचं काही सोडत बसू नकोस. फार मोठी चूक असते ती. सरळ कारलं सोड. तुझा काका शहाणा होता."

भाऊचा फोन परत आला. पुन्हा घंटा, पुन्हा होड्या.

"बोल लवकर," भाऊ म्हणाला.

"कारलं."

पलीकडे भाऊ गुरुजींना जरा थांबा म्हणाला.

"तुलाही सांगून ठेवलं होतं?" मग त्याने विचारलं.

"हो."

"मीसुद्धा तेच सांगितलंय." तो म्हणाला. "गुरुजी विचारतायत, तुमच्या घराचं कारल्याशी काय वैर आहे?"

आम्ही दोघंही हसलो. खाली आजींच्या बागेत क्विटेचं झाड भिंतीवर ओणवलं होतं. फळं अजून हिरवट होती.