तीनशे बारा पावलं चिखल

दलालाचा फोन मिस्त्री पहिल्या घंटीला कधी उचलत नसे. तिसरीला उचलायचा. हातात काम असलेल्या माणसाला तेवढा वेळ लागतोच. दोन वर्षांत त्याच्या शेडमध्ये एकही होडी दुरुस्तीला आली नव्हती, हे फोनला सांगायची गरज नव्हती.

"काका, रविवारी पाणी कधी भरतंय?"

"सव्वादहाला. साडेअकरापर्यंत बरं दिसेल."

"तुमच्यासारखा माणूस नाही, काका."

एवढंच बोलणं. चाळीस वर्षं होड्या पाण्यात ढकलल्यावर मिस्त्रीला वेळापत्रक बघावं लागत नव्हतं. आता भरती त्याच्या गुडघ्यांनाही कळायची. कोणी वेळ विचारली की त्याची मान थोडी ताठ व्हायची.

दलाल वेळ कशाला विचारतो हे त्याला पक्कं ठाऊक होतं. किनाऱ्यावर काचेची सहा घरं झाली होती. भरतीला पाणी त्यांच्या पायऱ्यांना लागायचं. ओहोटीला तेच पाणी तीनशे बारा पावलं मागे सरायचं आणि मध्ये पोटरीएवढा काळा चिखल उरायचा. दलाल गिऱ्हाइकाला भरतीला आणायचा, गच्चीवर उभं करायचा आणि पाणी ओसरायच्या आत जेवायला घेऊन जायचा. मिस्त्री स्वतःला सांगायचा, आपण नुसती वेळ सांगतो. वेळ काही खोटी नसते.

त्या रविवारी दातांचे डॉक्टर आले. वय पन्नाशीचं, पोट आत ओढलेलं. थंडीचे चार महिने समुद्रावर राहायचं, रोज सकाळी वल्हवायचं आणि म्हातारपणाला दारातूनच परत पाठवायचं, असा त्यांचा बेत होता. दलाल गच्चीवरून म्हणाला, "साहेब, इथे माणसं म्हातारी होत नाहीत." खाली मिस्त्री गुडघ्याला हात लावून आपल्या शेडच्या उतारावर बसला होता. डॉक्टरांनी तिकडे पाहिलं नाही. त्यांनी घर घेतलं.

सामान आलं तेव्हा बघायला अर्धा किनारा जमला. लांब निमुळती प्लास्टिकची होडी, दोन वल्ही, थंड पाण्यात घालायचे रबरी सूट तीन आणि ते वाळत घालायला वेगळी खोली. पहिल्या दिवशी डॉक्टर सूट चढवायला आत गेले ते पाऊण तासाने बाहेर आले. सूट अंगात होता, पण पाठीवरची चेन कमरेलाच अडकली होती. मिस्त्रीने पकडीने ती वर ओढली. डॉक्टर घामाघूम होऊन पायऱ्यांवर आले, तोवर पाणी निघून गेलं होतं.

"हे पाणी कुठे गेलं?"

"येईल," मिस्त्री म्हणाला. "पाच-सहा तासांनी."

तिसऱ्या दिवशी डॉक्टर दलालाला घेऊन शेडवर आले. अख्ख्या किनाऱ्यात ओहोटीला पाणी टिकायचं ते एका ठिकाणी, मिस्त्रीच्या शेडसमोर. तिथून खोल चर जात होता. शेड म्हणजे तीन भिंती, पत्र्याचं छप्पर आणि पाण्यात उतरणारा लाकडी उतार. उतार त्याने बापाबरोबर घातला होता, फळी फळी बसवून. बाप गेल्यावर त्यातल्या निम्म्या फळ्या एकट्याने बदलल्या होत्या.

"मिस्त्री, ही जागा मला द्या," डॉक्टर म्हणाले. "तसंही तुम्ही इथे फार काही करत नाही."

मिस्त्रीच्या हातात पटाशी होती. गेला तासभर तो तिला धार लावत होता. कालही लावली होती. त्याने ती पुन्हा दगडावर घासली.

घरी बायको बोलली. "देऊन टाका आणि मोकळे व्हा. रोज जाता, पटाशीला धार लावता, परत येता. आता कोणाला तासायचं राहिलंय तिथे? मला?"

"विचार करतो."

"दोन वर्षं तेच करताय. तिथे होडी नाही आणि इथे गिरणीवरून दळण आणायला माणूस नाही."

ती खोटं बोलत नव्हती, हीच पंचाईत. नाही म्हणायला त्याच्याकडे कारण नव्हतं आणि हो म्हणायला जीभ उचलत नव्हती. रात्रभर कूस बदलून त्याने एक तोडगा काढला. जागा कष्टाची आहे, कष्ट करणाऱ्याला जाऊ दे.

सकाळी तो डॉक्टरांना म्हणाला, "सात दिवस ओहोटीच्या वेळी तुमची होडी घरापासून पाण्यापर्यंत न्यायची आणि परत आणायची. स्वतः. आठव्या दिवशी कागद घेऊन या, मी सही करतो."

"एवढंच?" डॉक्टर हसले. "मी जिममध्ये याच्या दुप्पट उचलतो."

"जिमला खाली फरशी असते."

डॉक्टरांनी होडी खांद्यावर घेतली आणि निघाले. पन्नासाव्या पावलाला एक चप्पल चिखलात राहिली. शंभराव्याला दुसरी. पण माणूस पोहोचला. मिस्त्री उतारावर बसून मोजत होता. दुसऱ्या दिवशी डॉक्टर अनवाणी गेले आणि लवकर पोहोचले. त्या दिवशी मिस्त्रीने पटाशीला धार लावली नाही. अवजारांची पेटी उघडली, एकेक अवजार कपड्याने पुसलं आणि पुन्हा आत ठेवलं. बायकोने विचारलं, "आज गप्प का?" तो म्हणाला, "डॉक्टर चांगलं चालतात."

तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी चाकांची गाडी आणली. गाडी तीस पावलांवर रुतली आणि मिस्त्रीनेच फावड्याने ती काढली. काढताना त्याच्या मनात आलं, आपल्याच जागेचा खड्डा आपण खणतोय. चौथ्या दिवशी डॉक्टर कंबर धरून आले, पण आले. गाडी घरी ठेवून होडी पुन्हा खांद्यावर घेतली होती.

पाचव्या दिवशी चिखलातून मिरवणूक निघाली. पुढे दोन मजूर, एकाच्या खांद्यावर होडीचं एक टोक, दुसऱ्याच्या खांद्यावर दुसरं. मागे डॉक्टर, डोक्याला टोपी, हातात एक वल्हं. तेही पोकळ, हलकं.

मिस्त्री उठून उभा राहिला. गुडघे दुखले नाहीत, किंवा त्याला कळलं नाही.

"डॉक्टर, स्वतः असं ठरलं होतं."

"मी स्वतःच नेतोय. माणसं माझी, मजुरी माझी, आखणी माझी. आखणी हेसुद्धा कामच असतं, मिस्त्री."

पुढच्या मजुराने होडी खाली ठेवली आणि घाम पुसला. "साहेब, मग थोडी आखणी इकडच्या खांद्यावर पण द्या."

दलालाने मध्यस्थी करून पाहिली. "काका, होडी पाण्याला पोहोचली ना? कोणी नेली हे काय बघायचं?"

"तेच बघायचं होतं," मिस्त्री म्हणाला आणि शेडची झडप लावून घेतली.

थंडी सरायच्या आधीच डॉक्टरांनी घर विकायला काढलं. हवा मानवत नाही, असं ते सांगत होते. रबरी सूट वाळत घालायच्या खोलीत तसेच लटकले होते, तिन्ही कोरडे.

मग एके सकाळी फोन वाजला. तिसरी घंटी.

"काका, रविवारी नवी पार्टी आणतोय. नवराबायको आहेत. पाणी कधी भरतंय?"

मिस्त्रीने मनात हिशोब केला. नवी पार्टी भरतीला येणार, गच्चीवरून पाणी बघणार, घर घेणार. ओहोटी दिसली की तिसऱ्या दिवशी त्याच्या उतारावर येऊन उभी राहणार. शेडवर आलेलं संकट आपल्याच तोंडून फोनमध्ये जातं, हे त्याला पहिल्यांदा स्वच्छ दिसलं. रविवारी भरती साडेदहाला होती.

"पावणेपाचला," तो म्हणाला. आयुष्यात पहिल्यांदा त्याने पाण्याची वेळ चुकीची सांगितली, आणि नंतर दोन दिवस त्याला जेवण गोड लागलं नाही.

रविवारी पावणेपाचला गच्चीवर तिघं उभी होती आणि समोर तीनशे बारा पावलं काळा चिखल चकाकत होता. दलालाचा चेहरा बघायला मिस्त्री मुद्दाम पुढे येऊन बसला होता. बायकोलाही घेऊन आला होता.

नवी बाई बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, "एवढी मोकळी जागा? सगळी आपल्यासमोरच?"

दलालाने एक श्वास घेतला. एकच. "तर काय. चिखलात चालणं हा थंडीतला सगळ्यात भारी व्यायाम आहे, मॅडम. परदेशातून माणसं येतात."

"आणि पाणी?" नवऱ्याने विचारलं.

"ते अधूनमधून येतं. पण त्याचा त्रास नाही."

दोघांनी एकमेकांकडे पाहून मान हलवली. त्यांना पाणी नकोच होतं; बाईला पोहता येत नव्हतं. शेडकडे कोणी बघितलंही नाही.

"तुमची जागा वाचली," बायको म्हणाली.

"हो."

"तुमच्यामुळे नाही. त्यांच्या अकलेमुळे."

मिस्त्री शेडमध्ये गेला, पेटीतून पटाशी काढली आणि उताराच्या वरून तिसऱ्या फळीपाशी बसला. ती गेल्या पावसात कुजली होती. बायको बाहेरून म्हणाली, "अंधार व्हायच्या आत दळण आणायचंय."

"ही फळी काढतो नि जातो."

ती फळी त्याने बापाबरोबर बसवली होती. निघायला तयार नव्हती. सहा वाजले, गिरणी बंद झाली.