लाल औषध

परसातल्या पाच कोंबड्यांपैकी ठिपकीला बाकीच्या चौघी टोचून टोचून हैराण करायच्या. तिच्या पाठीवरची पिसं गेली, कातडी सोलली. मी तिच्या जखमेवर लाल औषध लावलं आणि तिला परत त्यांच्यात सोडलं. चौघी सरळ तिच्या पाठीवरच धावल्या.

"अगं, लाल कशाला लावलंस?" कुंपणापलीकडून शेजारच्या यमुनाकाकू ओरडल्या. "लाल दिसलं की त्यांना राहवत नाही. तव्याची काजळी लाव."

मी ठिपकीला उचललं, डालग्याखाली झाकलं. काजळी आणून तिला पुन्हा मांडीवर घेतलं. जखमेवर ती चोपडताना वाटलं, आपणही कुणाचं दुखणं कळवळून चारचौघांत सांगतो आणि नेमकं कुठे टोचायचं, ती जागा दाखवून देतो.

जखम काळी झाली. चौघी दाणे टिपायला लागल्या. ठिपकी मात्र मांडीवरूनच मान तिरकी करून एका डोळ्याने माझा डावा हात न्याहाळत होती. त्याच्या नखाशी लाल औषध तसंच राहिलं होतं.

पहिली चोच तिनेच मारली. मी ओरडले, तशा दाणे सोडून चौघींनी माना वळवल्या.