शुक्रवारचं अपडेट

भिवंडीजवळच्या दापोड्यातल्या आमच्या भाताच्या शेतावर गोडाऊन उभं राहिलं, तेव्हा ते बांधणाऱ्या शेठने बाबांना शब्द दिला होता: घरातल्या एकाला नोकरी. ती मला मिळाली. "नोकरी हाय तवर जमीन हाय, असं समज," बाबा म्हणायचे. मी समजायचे, आणि रोज जीव मुठीत धरून कामाला बसायचे.

शेठची ट्रान्सपोर्टची वेबसाइट होती. यंत्रमागांचे मालक, आमचे लूमवाले, त्यावरून ट्रक बुक करायचे आणि बिल्टी, म्हणजे मालासोबत जाणारी पावती, छापून घ्यायचे. मागे तीन सर्व्हर. आलेल्या माणसाला त्यातल्या कुठल्या सर्व्हरकडे धाडायचं, ते एक वेगळं मशीन ठरवायचं. माझ्या सीनियरांनी, त्यांना मी सरच म्हणायचे, मला शिकवलं होतं. एकच सर्व्हर रांगेतून बाहेर काढायचा, त्यावरची माणसं काम उरकून गेली की अपडेट टाकायचं, तपासायचं, परत आत घ्यायचा. मगच दुसरा.

त्या शुक्रवारी सर दवाखान्यात होते, बायकोच्या बाळंतपणासाठी. शेठ म्हणाला, "अपडेट आजच उरकून टाक. शुक्रवारी लूम बंद, कोण येतंय वेबसाइटवर?" मलाही पटलं. शुक्रवारी भिवंडी सुट्टी घेते, हे आम्हाला कुणी सांगावं लागत नाही.

पहिला सर्व्हर झाला. उघडून पाहिला, लॉगिन झालं, आत सोडला. दुसरा बाहेर काढला आणि फोन वाजला. एक लूममालक, नेहमीचं गिऱ्हाईक. "बेटा, ये बिल्टी कोरी क्यूँ निकल रही है? गाड़ी भर के खड़ी है."

 बिल्टी मी छापून पाहिलीच नव्हती. आणि स्क्रीनवर बघते तर ही गर्दी! लूम बंद म्हणजे मालक रिकामे. नमाज झाली, जेवण झालं, आता सगळे शनिवारच्या गाड्या बुक करायला बसलेले. एवढी साधी गोष्ट ना शेठच्या डोक्यात आली, ना माझ्या. पहिला बिघडलेला. धड सर्व्हर दोनच, त्यातला एक मीच बाहेर काढलेला. पहिला काढला, तर तिसऱ्यावर सगळा भार. तो बसला की वेबसाइट बसणार, आणि माझी नोकरी संपली. मी सरांना फोन लावला.

सर दवाखान्याच्या जिन्यात होते. "दुसऱ्यावर अपडेट टाकलंस?"

"नाही, सर."

"मग घाबरतेस काय? त्यावर जुनंच आहे, तो आहे तसा आत घे. मग पहिला बाहेर काढ. बाकी कशाला हात लावू नकोस."

तसंच केलं. गर्दी दुसऱ्या आणि तिसऱ्या सर्व्हरमध्ये वाटली गेली. त्या लूममालकांना पुन्हा छापायला सांगितलं. "हाँ, आ गई," ते म्हणाले. सुटले बाई, एवढंच मनात आलं.

संध्याकाळी शेठ आला. कोरी बिल्टी, सरांचा फोन, सगळं मी सांगून टाकलं. तो रागावला नाही, उलट खूश झाला. "फोनवर एवढं होतं, तर त्याला रोज इथं बसवायचा कशाला? तू एकटी सांभाळतेस की. सोमवारी सांगतो त्याला, आता येऊ नको म्हणून."

"शेठ, मला एकटीला नाही जमणार."

"जमेल गं. आज जमलंच ना?"

तेवढ्यात सरांचा फोन आला. मुलगी झाली, म्हणाले. आवाज आनंदाने नुसता भरून आलेला. मग विचारलं, "सर्व्हर ठीक ना?"

शेठ समोरच उभा होता. "ठीक आहेत," मी म्हटलं. सोमवारचं सोडून मी बाळाचं वजन विचारलं.