आबांची सोळा बटणं

मी बारामतीत यंत्रांचे कंट्रोल पॅनल जोडते. चार वायरी हातात आल्या की मला भूकही लागत नाही. त्यामुळे लासुर्ण्यात आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, लकव्यानं बोलणं गेलं, उजवा हातही लुळा पडला, तेव्हा डॉक्टर काही म्हणोत, मी माझा इलाज ठरवून टाकला. आबांना सगळं समजायचं, पेपरही ते रोज वाचायचे. मनातलं बाहेर काढायला वाट तेवढी नव्हती, आणि ती मी करणार होते.

सोळा बटणांचा कीपॅड आणला, त्याला वहीएवढा डिस्प्ले जोडला आणि आईला स्वयंपाकघरात ऐकू जावं म्हणून बझर. बटणांवर चिठ्ठ्या चिकटवल्या: पाणी, चहा, औषध, पाय दाबा, संडास, पंखा लावा, असे सोळा. बटण दाबलं की तेच शब्द मोठ्या अक्षरांत पडद्यावर. रविवारी एसटीत ती पेटी मी मांडीवरून खाली ठेवली नाही. शेजारच्या बाईंनी विचारलं नव्हतं, तरी त्यांना सगळं समजावून सांगितलं.

आबांनी पहिलं बटण दाबलं. पडद्यावर ‘पाणी’. मी चक्क उडी मारली. मग त्यांनी चहाचं दाबलं. बझर वाजला आणि पडद्यावर आलं ‘संडास’. आई भांडं घेऊन पळत आली. आबांनी कपाळावर हात मारून घेतला. आडव्या ओळींच्या वायरी मी उभ्या ओळींच्या जागी खोचल्या होत्या, म्हणून शब्दांची अदलाबदल झाली होती. कोपऱ्यातलं पहिलं बटण त्यातून वाचलं होतं.

वायरी बदलून पेटी पुन्हा त्यांच्यापुढं ठेवली. आता सगळं बरोबर. आबांनी एकापाठोपाठ एक सोळाही बटणं दाबली, सगळे शब्द वाचले आणि पेटी बाजूला सारली.

माझं डोकंच फिरलं. “आबा, पंधरा दिवस खपलेय मी ह्याच्यामागं.”

“ह्यात त्यांचं बोलणं कुठं हाय?” आई म्हणाली. “आपुन त्यांचं काय काय करायचं, तेवढंच हाय की.”

आईचं बरोबर होतं, म्हणून जास्तच राग आला. पण चिठ्ठ्या उपटल्या, लॅपटॉप उघडला. आजारपणाचे सहाच शब्द ठेवले. बाकीचे मी सुचवायचे आणि आबांनी मान हलवायची. ‘उसाला पाणी दिलं का?’ हलली. ‘मोटार बंद करा.’ हलली. ‘कोण आलंय?’ जोरात हलली. आता मला दम धरवेना, बोटं आपोआप चालत होती. सोळाव्या बटणाचे शब्द मात्र आबांनी डाव्या हातानं, एकेका अक्षराशी झगडत, स्वतः लिहून दिले, वाकड्यातिकड्या अक्षरांत.

दुपारी धाकटा भाऊ पाइपलाइन खोदणाऱ्या माणसाला घेऊन ओसरीवर बसला. रानातून चर कुठून न्यायचा ते दोघं कागदावर ठरवत होते. आबांची कॉट चार हातांवर होती, पण तिकडं कुणी बघत नव्हतं. आजारी पडल्यापासून असंच चाललं होतं.

बझर वाजला. आई पाण्याचा तांब्या घेऊन आलीसुद्धा. पडद्यावर होतं, ‘मला विचारा.’

भावानं वाचलं. मग कागद घेऊन उठला आणि कॉटवर आबांच्या शेजारी टेकला.

“चुकलं, आबा. बोला, कुठनं न्यायचा?”

आबांनी त्याच्या हातातला पेन हिसकावूनच घेतला.