टाकीतला बर्फ

दादाला पहिलं मोठं काम मिळालं ते गोरेगावच्या एका डबिंग स्टुडिओचं. गिरणीतली नोकरी गेल्यावर त्याने एसीचा धंदा सुरू केला होता. तिथे बसवलेलं मशीन पास झालं नाही तर गाशा गुंडाळायचा, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं. मी डिप्लोमा करून घरी बसले होते, म्हणून कॅटलॉगमधले तक्ते वाचायला तो मला सोबत न्यायचा. वाचून दाखव आणि गप्प बस, अशा बोलीवर. गप्प बसणं मला कधीच जमलं नाही.

मे महिन्यातली दुपार होती. खोलीतल्या तापमानाचा काटा सत्तावीसच्या खाली उतरेना आणि स्टुडिओच्या मालकांना चोवीस हवं होतं. मशीन कमी टनाचं दिलंत, असा ठपका ठेवून त्यांनी उद्यापर्यंतची मुदत दिली. माझं डोकंच फिरलं. दहा टनांचं मशीन म्हणजे सदासर्वकाळ दहा टन, असं यांना कोणी सांगितलं? तक्त्यात स्वच्छ लिहिलं होतं की मशीनला येणारं पाणी जितकं गरम, तितकी थंडी कमी. आमचं पाणी आंघोळीला चालेल इतकं कोमट होतं. कारण ते गार करणारा टॉवर मालकांनीच, आवाज नको म्हणून, दोन भिंतींमधल्या बोळात बसवायला लावला होता. तिथे आपणच बाहेर टाकलेली गरम हवा तो पुन्हा आत ओढायचा.

हे त्यांना सांग, असा घरी पोचेपर्यंत मी दादाच्या मागे धोशा लावला. मालकाची चूक मालकाला दाखवून कुणाचं भलं झालंय, एवढंच तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो माझ्याआधीच निघून गेला. मी पोचले तेव्हा काटा चोवीसवर होता आणि मालकांनी चहा मागवला होता. मशीनकडे जाणाऱ्या पाइपाला हात लावला, तर थंडगार. बोळात जाऊन पाहिलं. टॉवरच्या टाकीत बर्फाचे मोठाले तुकडे तरंगत होते आणि भिंतीशी वेसाव्याच्या मासळीवाल्यांकडून बर्फ गुंडाळून आणलेली, मासळीचा वास मारणारी ओली गोणपाटं पडली होती.

परत आले तेव्हा मशीन पास केल्याच्या सहीसाठी मालकांनी पेन काढलं होतं. दादाने डोळ्यांनीच मला दटावलं. पण उद्या बर्फ नसेल आणि हेच मालक त्याला चोर म्हणतील, या भीतीने मला गप्प राहवेना.

"टाकीत बर्फ आहे," मी म्हणाले. "मशीन कालचंच आहे, फक्त पाणी गार आहे. टॉवर उघड्यावर नेलात तर बर्फ लागणार नाही."

मालक स्वतः बोळात जाऊन आले. मी तक्ता पुढे केला. पाण्याच्या रकान्यावर बोट ठेवून त्यांनी तो दोनदा वाचला. मला वाटलं, सुटलो.

"मशीन बरोबर आहे," सही करून ते दादाला म्हणाले. "टॉवर मी दुसऱ्याकडून हलवून घेईन."

दादा बोळात जाऊन गोणपाटं गोळा करू लागला. मी एकाचं दुसरं टोक धरलं. दोघांनी मिळून ते पिळलं.

"खरं बोललीस गं," तो म्हणाला. "पण ते मला बोलायला द्यायचं होतंस ना."

तू बोलला असतास का, हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं. मी गोणपाटाची घडी घातली.