लाल फडक्यातलं पुस्तक

आमच्या बोरीच्या वाचनालयात बायांनी जायचं नाही, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. पण कोणी जात नव्हतं. एकच खोली, मधे लांब टेबल, त्यावर दोन पेपर, आणि दोन्ही बाजूंच्या बाकांवर गडीमाणसं. एक मोठ्यानं वाचायचा, बाकीचे मधेमधे आपलं शहाणपण सांगायचे. तिथं आत पाय टाकून पुस्तक मागणारी बाई गावात अजून जन्मली नव्हती.

मी पिंगळीची. रेल्वेचं गाव. चौथीपर्यंत शिकले आणि लग्न करून इकडं आले. वाचता येत होतं, पण घरात वाचायला काही नव्हतं. ही सोय अक्कानं केली. वाचनालय सांभाळायचं काम ज्या आप्पांकडं होतं त्यांची ही बायको. लिंगायत माणसं, त्यांचं किराणा दुकान होतं. अक्काकडं ताक चांगलं मिळायचं, म्हणून बाया चरवी घेऊन मागच्या दारानं जायच्या. ज्यांना वाचता येतं त्यांना अक्का ताकाबरोबर एक पुस्तकही द्यायची. पदराखाली धरून न्यायचं आणि आठ दिवसांनी परत आणायचं. आप्पांना माहीत होतं. पण ते नोंद आपल्याच नावावर करायचे आणि वाचनालयात बसलेल्यांना वाटायचं, आप्पा फार वाचतात.

त्यातलं एक पुस्तक बायकांच्या दुखण्याचं होतं. पाळी, गर्भ, बाळंतपण, अंगावरून जाणं, सगळं साध्या भाषेत, आणि चित्रं काढलेली. ती चित्रं सासऱ्यानं किंवा दिरानं बघितली तर घरात काय झालं असतं, सांगायला नको. म्हणून अक्कानं त्याला लाल फडक्यात बांधलं. कोणी विचारलं तर सांगायचं, पोथी आहे. घरोघर ते पुस्तक पोथी म्हणूनच फिरलं.

माझा नंबर आला तेव्हा मीही ते आठ दिवस ठेवलं. माझी कंबर दुखायची, तेवढी पानं वाचली. बाळंतपणाची पानं उलटून टाकली. पाच बाळंतपणं झालेल्या बाईला पुस्तक काय शिकवणार, असा माझा तोरा. फक्त एका पानावर ‘बाळंतिणीचा ताप’ एवढं वाचलेलं डोळ्यांपुढं राहिलं होतं. खाली काय लिहिलं होतं ते मी वाचलंच नव्हतं.

नामांतराचे दिवस होते. विद्यापीठाच्या नावावरून माणसं एकमेकांच्या जिवावर उठली होती, आणि एसट्या आज चालू तर उद्या बंद. अशात माझी थोरली मुलगी पहिल्या बाळंतपणाला चारठाण्याहून माहेरी आली. गावच्या सुईणीनं घरीच सोडवलं. मुलगी झाली. बाळ ठणठणीत होतं आणि आम्ही निश्चिंत होतो.

तिसऱ्या दिवशी तिला ताप आला. सुईण म्हणाली, “दूध चढायलंय. दुधाचा ताप हाय. शेक द्या आन पाणी कमी पाजा.” आम्ही तसंच केलं. चौथ्या दिवशी सकाळी तिला हुडहुडी भरली. दोन गोधड्या टाकल्या तरी दात वाजत होते. मी कपडे बदलायला घेतले तेव्हा वास आला. तसा वास मला माझ्या एकाही बाळंतपणात आला नव्हता.

“माय, पोटात लय दुखायलंय,” ती म्हणाली. “खाली, इथं.”

मालकांना म्हटलं, परभणीला न्यावं लागतंय.

“सुईण काय म्हणाली?”

“दुधाचा ताप म्हणाली.”

“मग? एसटी बंद हाय. कोणाची गाडी मागू? आन काय सांगून मागू?”

माणूस वाईट नव्हता. पण बायकोचं ऐकून गावात गाडी मागायची आणि तो दुधाचाच ताप निघाला, तर लोक हसतील, हे त्याला जास्त अवघड वाटत होतं. मलाही खात्री नव्हती. ते पान हातात असतं तर दाखवता आलं असतं.

अक्काकडं गेले. पुस्तक आमच्याच आळीच्या टोकाला एका घरी होतं. तिथल्या सुनेनं नेलं होतं. सासूला पोथी म्हणून सांगितलं आणि ते परत न करताच भावाच्या लग्नाला माहेरी निघून गेली. घरात एकटी सासू. तिला सगळं गाव मोठीमाय म्हणायचं. फार देवाची बाई. अक्षर एक येत नव्हतं.

घरात बाळंतीण म्हणजे आम्हाला दहा दिवस सोयर. देवाच्या वस्तूला शिवायचं नाही, कोणाच्या देवघरासमोर जायचं नाही. म्हणून मी तिच्या अंगणाच्या बाहेरच उभी राहिले.

“मोठीमाय, सुनेनं आणलेली ती लाल फडक्यातली पोथी पाहिजे हाय.”

“तुला? सोयरात?” ती उंबऱ्यात येऊन उभी राहिली. “डोकं ठिकाणावर हाय का तुझं? देवघरात ठिवलीय मी ती. रोज हळद-कुकू वाहते.”

आता खरं सांगण्यावाचून इलाज नव्हता.

“ती पोथी न्हाई. बायकांच्या दुखण्याचं पुस्तक हाय. माझी लेक तापानं फणफणायलीय.”

“मला वाचता येत न्हाई म्हणून काय बी सांगायलीस व्हय? दुखणं कोण लाल फडक्यात बांधतं?”

“आमीच बांधलं.”

“जा, घरी जा. लेकीला शेक दे. दहा दिवस झाले की ये, मग बघू.”

मी भांडले असते. पण ती देवघरासमोर आडवी बसली नसती तरी मला आत जाता येत नव्हतं. गावानं वाळीत टाकलं असतं ते वेगळं. आणि खरं सांगायचं तर माझाही पाय उचलला नसता. सोयर मीही पाळतच होते.

परत अक्काकडं गेले. ती ताक घुसळत होती. तिनं हात पुसले आणि म्हणाली, “आमच्यात सोयर न्हाई आन विटाळबी न्हाई. गळ्यात लिंग असलं की झालं. चल.”

मी वळणावर थांबले. अक्काचा आवाज ऐकू येत होता. “मोठीमाय, पोथी द्या. आप्पांना वाचायचीय.” मोठीमाय म्हणाली, “घेऊन जा. पण तिच्या हाती देऊ नको. सोयरातली हाय ती.” अक्का म्हणाली, “न्हाई देत.”

वळणावर येऊन तिनं पुस्तक सरळ माझ्या हातात ठेवलं. “खोटं बोलले. माझं मी बघून घेते. पान काढ.”

वरचं फडकं कुंकवानं माखलेलं होतं. आम्ही दोघी तिथंच भिंतीला टेकून उभ्या राहिलो. मी बोट ठेवून वाचलं. दूध भरल्यानं येतो तो ताप थोडा असतो, छाती दगडासारखी होते, एका दिवसात उतरतो. पण थंडी वाजून ताप आला, ओटीपोटात दुखलं, अंगावरून जातं त्याला घाण वास आला, तर गर्भाशयात जंतू गेलेत. घरी थांबू नका. बाई दगावते.

सगळं तेच लिहिलेलं होतं. मी हे पान दोन महिन्यांपूर्वी थुंकी लावून उलटलं होतं.

मालकांना वाचून दाखवलं. त्यांनी पायात वहाणा घातल्या. लेकीजवळ अक्का बसली आणि आम्ही दोघं पोस्टात गेलो. गावातला फोन तिथं होता. एक्स्चेंजला नंबर सांगायचा, लागला की जीव खाऊन ओरडायचं, तरच पलीकडं ऐकू जायचं. पेन्शनला आलेले सात-आठ म्हातारे आणि दोन व्यापारी बसलेले होते. परभणीच्या दवाखान्याचा फोन लागला. मालकांनी घेतला.

“हॅलो! माझ्या मुलीला बरं न्हाई!... चार दिवस झाले बाळंत होऊन!... काय होतंय म्हणता?” ते थांबले. सगळे म्हातारे त्यांच्याकडं बघत होते. “ताप हाय!... आणखी?... आणखी म्हणजे... जरा बरं न्हाई तिला!”

माझ्या लेकीचा जीव त्या दोन शब्दांत अडकला होता, आणि त्या माणसाच्या तोंडून ते निघत नव्हते. कान मात्र लालबुंद झाले होते. मी त्यांच्या हातातून फोन घेतला, पुस्तक टेबलावर उघडं ठेवलं, पानावर बोट ठेवलं आणि ओरडले.

“थंडी वाजून ताप हाय! ओटीपोटात दुखायलंय! अंगावरून जायलंय त्याला घाण वास यायलाय! वास! वास!”

पेन्शनवाले म्हातारे जमिनीकडं बघायला लागले.

पलीकडं डॉक्टरीणबाई होत्या. “तुम्ही सुईण आहात का?”

“न्हाई! आई हाय!”

“मग हे इतकं नीट कुठं कळलं?”

“पुस्तकात लिवलंय!”

“पुस्तकात पुढं काय लिहिलंय?”

“घरी थांबू नका!”

“मग थांबलात कशाला? मिळेल ती गाडी घ्या आणि या. पाणी पाजत राहा. मी आहे इथं.”

फोन ठेवला. गाडी कुठून आणायची ते काही कळत नव्हतं. तेवढ्यात बाकावरून बियाण्यांचा एक व्यापारी उठला. मी त्याच्याशी जन्मात बोलले नव्हते. खाली बघतच तो म्हणाला, “वहिनी, माझी जीप हाय भाईर. तुमी लेकीला आणा, मी गाडी वळवतो.” मी हळू बोलले असते तर त्याला कळलं नसतं. ही गोष्ट मी नंतर मालकांना पुष्कळदा ऐकवली.

दवाखान्यात अकरा दिवस राहिलो. सलाईन, सुया, गोळ्या. पहिले दोन दिवस ती माणसं ओळखत नव्हती. तिसऱ्या दिवशी तिनं बाळ मागितलं आणि त्याला पाजताना मला म्हणाली, “माय, तू पोस्टात काय बी वरडलीस म्हणे. आता सासरी मला काय तोंड ऱ्हायलं?” मी म्हटलं, “तोंड ऱ्हायलं म्हणून बोलायलीस.” ती आता स्वतः आजी झालीय आणि अजून माझ्याशी अशीच भांडते.

परत आल्यावर, सोयर फिटून बरेच दिवस झाल्यावर, मी फडकं धुतलं, पुस्तक बांधलं आणि मोठीमायकडं गेले. खरं तर ते अक्काकडंच द्यायचं, पण मोठीमायकडून खोटं बोलून नेलेलं होतं, म्हणून आधी तिच्याकडं. सून माहेराहून आली होती. मला बघून तिचा चेहरा उतरला.

मोठीमाय म्हणाली, “पोथी नव्हती म्हणे.”

“न्हाई.”

“दोन आठवडे कुकू वाहिलं मी त्याला.”

“वाहिलं ते वाहिलं.”

मला वाटलं, आता सुनेचं काही खरं नाही. पण तिनं सुनेला ज्वारी पाखडायला मागं पाठवलं, दार लोटलं आणि माझ्या अगदी जवळ येऊन बसली.

“बघ बरं त्यात. उकिडवं बसलं की माझं अंग भाईर येतं. धाकट्याच्या टायमापासून. बारा वर्सं झाली. कोणाला सांगितलं न्हाई मी.”

मी पानं उलटली. या वेळेस एकेक करून, न सोडता. सापडलं.

“हाय?”

“हाय. लय बायांना होतं म्हणतंय.”

“आन काय म्हणतंय?”

“दवाखान्यात जा म्हणतंय. बरं होतं.”

“तिथं जाऊन मी काय सांगू? मला न्हाई तुझ्यासारखं वरडता येत.”

“मी येते संगं. मी वरडते.”

तिनं पुस्तकाकडं बघितलं, दाराकडं बघितलं आणि मला कोपरानं ढोसलं.

“जरा हळू वरड, भवाने.”