संध्याकाळच्या वाचनखोलीचा मान

रत्नप्रभा कोळी रोज मढहून खाडी ओलांडणाऱ्या तरीने वर्सोव्याला उतरायची आणि तिथून बसने अंधेरीला यायची. उपनगरातल्या मुलांना शहरात हेलपाटे पडू नयेत म्हणून विद्यापीठाने अंधेरीला एक ग्रंथालय उघडलं होतं. तिथे ती सहायक होती. आई पुतळाबाई अंधेरीच्याच बाजारात मासळी विकायला बसायची. बाहेरून कुणी पाहुणे आले की ग्रंथपाल नाडकर्णीसाहेब रत्नप्रभाला मुद्दाम बोलावून घेत आणि म्हणत, ह्यांची आई पाटी घेऊन बाजारात बसते आणि ह्या बी.ए. झाल्यात. पाहुणे कौतुकाने माना डोलवत. रत्नप्रभा संकोचल्यासारखं करी, पण तो सगळा दिवस तिला गोड जाई.

नोकरीला लागली तेव्हा, म्हणजे त्रेसष्ट साली, ती एवढ्या कौतुकावर खूश राहणारी नव्हती. दिवसा कारखान्यात नाहीतर कचेरीत राबणारी मुलं संध्याकाळी धापा टाकत यायची आणि बंद दार बघून परत फिरायची, हे तिला बघवत नसे. मढच्या घरात एकाच खोलीत जाळी, मासळी आणि भावाची पोरं सांभाळत ती स्वतः शिकली होती. वाचायला कोपरा नसणं म्हणजे काय, हे तिला कुणी सांगायला नको होतं. एक दिवस धीर करून ती साहेबांकडे गेली आणि म्हणाली, ग्रंथालय संध्याकाळीही उघडं ठेवू या, मी थांबेन. नाडकर्णीसाहेब हसले. विजेचं बिल कोण भरणार, म्हणाले, आणि ज्याला वाचायचं तो घरी वाचतो. वर हेही म्हणाले की नवीन माणसाने आधी जुनं काम शिकावं.

तो शब्द तिच्या वर्मी लागला. त्यानंतर तिने काही सुचवलं नाही. काउंटरला लोखंडी जाळी होती, तिच्यामागे ती बसू लागली. मुलाने चिठ्ठी द्यायची, शिपाई धर्माने कपाटाचं कुलूप काढून पुस्तक आणायचं, आणि चिठ्ठीत जराशी चूक असली की रत्नप्रभाने ती परत सरकवायची. मुलं पाठीमागे तिला खेकडी म्हणत. तिच्या कानावर ते आलं होतं. तिने मनाला लावून घेतलं नाही. निदान तसं दाखवलं तरी नाही.

एकाहत्तर साली मीरा इंगळे आली. वडील अकोल्याकडून येऊन कुर्ल्याच्या एका कारखान्यात फिटर झालेले. ग्रंथालयशास्त्राची पदविका घेतलेली, अंगाने किरकोळ, बोलायला मोकळी. पहिल्या आठवड्यातच ती जाळीच्या बाहेर जाऊन मुलांमध्ये बसायला लागली. तुम्हाला काय मिळत नाही, कुठलं पुस्तक नेहमी बाहेर असतं, किती वाजता सुटता, असं ती एकेकाला विचारी. रत्नप्रभा आतून बघत राही. मुलं मीराला 'मॅडम' म्हणत आणि चहा विचारत. इतक्या वर्षांत रत्नप्रभाला कुणी पाणीसुद्धा विचारलं नव्हतं.

पुढच्या पाहुण्यांच्या वेळी नाडकर्णीसाहेबांनी मीराला बोलावलं. वडील फिटर आहेत आणि ह्यांचा पदविकेत पहिला वर्ग आहे, असं सांगितलं. रत्नप्रभा दोन टेबलं पलीकडे उभी होती. पाहुण्यांच्या माना तशाच डोलल्या. मीराने मात्र संकोच दाखवला नाही की खूशही झाली नाही. पाहुण्यांना तिने सरळ विचारलं की मराठीतून शिकणाऱ्या मुलांसाठी पुस्तकं कधी मिळतील. रत्नप्रभाच्या काळजात कळ उठली. आपल्याला हे का सुचलं नाही, याची ती कळ होती.

पण खरा घाव पुढेच होता. पावसाळा सरता सरता मीराने साहेबांपुढे संध्याकाळच्या वाचनखोलीची गोष्ट काढली. तेव्हा दिवस बदलले होते. कॉलेजांतली मुलं मोर्चे काढू लागली होती आणि वरून साहेबांना विचारणा होत होती की विद्यार्थ्यांसाठी तुम्ही काय करता. साहेबांनी मीराचं बोलणं ऐकलं आणि चार दिवसांत मंजुरी आणली. धर्माला पेढे आणायला पाठवलं. पेढा पुढे करत ते रत्नप्रभाला म्हणाले, "बघा बाई, नवीन माणसाला कशी नवी दृष्टी असते."

रत्नप्रभाने पेढा घेतला आणि तोंडात धरून बसली.  त्रेसष्ट साल साहेब साफ विसरले होते. आठवण करून द्यावी, तर आता कोण खरं मानणार? मत्सराने बोलते म्हणतील. आणि मत्सर तर होताच.

मीराने तिला विनवलं की आपण आळीपाळीने थांबू. रत्नप्रभाने संध्याकाळची मढची तर चुकते म्हणून सांगितलं. ते खोटं नव्हतं. पण वर्सोव्याला मावशी होती, तिच्याकडे केव्हाही राहता आलं असतं, हे तिने सांगितलं नाही. मग मीरा एकटीच थांबू लागली. साडेपाचला रत्नप्रभा पिशवी उचलून निघे, तेव्हा जिन्यात वर येणाऱ्या मुलांची रांग तिला भेटे. तिला वाट देण्यासाठी मुलं भिंतीला चिकटत. त्या वाट देण्यातसुद्धा तिला अपमान दिसे.

घरी ती धुसफुसू लागली. एकदा पुतळाबाईने विचारलंच. रत्नप्रभाने सगळं सांगितलं, आणि मीरा कशी पुढे पुढे करते तेही तिखटमीठ लावून सांगितलं. पुतळाबाई बोंबील निवडत होती. ती म्हणाली, बाजारात शेजारणीच्या पाटीवर गिऱ्हाईक गेलं की तिचंही पोट दुखतं, आयुष्यभर दुखत आलंय. "पण मी म्हावरा झाकून ठेवत नाय गो. झाकला तर कुजतो आपलाच."

रत्नप्रभाला ते आवडलं नाही. ती न जेवता उठली.

दिवाळीनंतर मीराला कावीळ झाली. डॉक्टरांनी महिना-दीड महिना अंथरुणातून उठायचं नाही म्हणून सांगितलं. नाडकर्णीसाहेबांनी रत्नप्रभाला विचारलं, संध्याकाळी थांबाल का? ती नाही म्हणाली. वाचनखोली बंद झाली. पहिले काही दिवस रत्नप्रभाला इतकं हलकं वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. जिन्यात रांग नव्हती. मीराचं नाव कुणी घेत नव्हतं.

मग एका संध्याकाळी काम लांबलं आणि ती अंधार पडताना फाटकाबाहेर पडली, तर मुलं फुटपाथवर बसलेली. दिव्याच्या खांबाखाली वह्या उघडून, काही मुलीसुद्धा. एकमेकांत बोलत होती की मीरा मॅडम असत्या तर असं झालं नसतं. ते ऐकून रत्नप्रभाच्या मनात दया आली असती तर तिची गोष्ट सोपी झाली असती. दया आली नाही, राग आला. मीरा मॅडम काय म्हणून? ही कल्पना कुणाची होती? ती तशीच मागे फिरली, धर्माला हाक मारली आणि दार उघडायला लावलं. दिवे लावले. मुलं आत आली तेव्हा ती दारात उभी राहून म्हणाली, "बसा. आणि ही खोली कुणा एकाच्या जिवावर चालत नाही, एवढं ध्यानात ठेवा."

त्या दिवसापासून ती वर्सोव्याला मावशीकडे राहू लागली. आता तिला चुरस चढली. मीराने जे केलं नव्हतं ते आपण करायचं, हा एकच ध्यास. मुलींना मुलांच्या गर्दीत बसायला अवघड जातं हे तिच्या लक्षात आलं, तेव्हा तिने खिडकीजवळची दोन लांब टेबलं त्यांच्यासाठी राखली. कपाटांची कुलपं काढून मुलांना हाताने पुस्तकं बघू दिली. ती कुलपं तिनेच इतकी वर्षं जपली होती.

अर्थशास्त्राच्या पुस्तकांची तक्रार सगळ्यांत मोठी होती. प्रती पुष्कळ होत्या, पण साऱ्या एका प्राध्यापकांच्या घरी पडून. मीराने त्यांना नम्रपणे कितीदा तरी कळवलं होतं. रत्नप्रभा सरळ त्यांच्या पार्ल्याच्या घरी गेली. प्राध्यापकांनी बसा म्हटलं. ती बसली नाही. पुढच्या आठवड्यात पाठवतो म्हणाले. तेव्हा रत्नप्रभाने बाजारातला आवाज काढला, जो तिने कॉलेजात गेल्यापासून कधी काढला नव्हता. "सर, पुस्तकं हातात पडल्याशिवाय मी हलायची नाही. शेजाऱ्यांनी ऐकलं तरी चालेल मला." शेजारच्या गॅलरीत माणसं जमायला लागली. प्राध्यापकांच्या बायकोने स्वतः गठ्ठा बांधून दिला आणि खाली टॅक्सीही बोलावून दिली.

खोली भरू लागली. पण रोज कुणी ना कुणी विचारीच, मीरा मॅडम कधी येणार? रत्नप्रभा सांगे, बरी आहे, येईल. आणि मग तासभर कुणाशी बोलत नसे.

मीरा परत आली ती अर्धी होऊन. दारातच थबकली. उघडी कपाटं, मुलींची टेबलं, अर्थशास्त्राची पूर्ण फळी बघितली. एक मुलगी रत्नप्रभाला काहीतरी विचारत होती आणि बोलता बोलता हसत होती. मीराने ते पाहिलं आणि तिचा चेहरा उतरला. क्षणभरच, पण रत्नप्रभाने तो नेमका ओळखला. तो चेहरा तिने आरशात पुष्कळदा पाहिला होता. तिला आनंद झाला, आणि त्या आनंदामागोमाग जीभ सुटली.

"संध्याकाळची खोली मी मागितली होती," ती म्हणाली, "त्रेसष्ट साली. साहेब हसले होते मला."

 मीराने विचारलं, "मग पहिल्याच दिवशी का नाही सांगितलंत? दोघी मिळून गेलो असतो."

 रत्नप्रभाने संध्याकाळच्या पाळ्या वाटून घेतल्या, एवढंच.

दोघी मैत्रिणी झाल्या असं काही झालं नाही. एकीच्या पाळीला गर्दी जास्त झाली की दुसरी दुसऱ्या दिवशी लवकर येई. पंचाहत्तर साली नाडकर्णीसाहेब निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी वाचनखोलीचं सगळं श्रेय मीराला दिलं. मीरा खुर्चीतून उठायला लागली. खरं काय ते ती सांगणार हे रत्नप्रभाला कळलं, आणि तिने तिचा हात धरून खाली बसवलं.

"राहू दे," ती हळूच म्हणाली. "माझा मान मला तुझ्या हातून नको."

मीराला राग आला, पण ती बसली.

नवे ग्रंथपाल आल्यावर महिन्याभरात रत्नप्रभा त्यांच्याकडे एकटीच गेली. परीक्षेच्या दिवसांत रविवारीही ग्रंथालय उघडं हवं, म्हणाली, आणि का हवं ते पटवून दिलं. त्यांनी विचारलं, ही कल्पना इंगळेबाईंची का?

"नाही. माझी."

रविवार मंजूर झाला. मीराला ते सूचना फलकावर वाचून कळलं. आपल्याला एका शब्दाने सांगितलं नाही म्हणून ती आठवडाभर फुगून बसली, रत्नप्रभाशी कामापुरतंच बोलली. त्या आठवड्यात रत्नप्रभा रोज आईच्या पाटीवर थांबून तिच्या डब्यातले चार घास खाऊन जाऊ लागली. पुतळाबाई शेजारणीला म्हणाली, पोरीला हल्ली भूक बरी लागते.